स्फुरद

बाबा दोन रंगांत घरी यायचे.
गंधकाची बोट लागली की पिवळे,
खताच्या दगडाची लागली की करडे.
आई दारातूनच ओरडायची, "आधी मोरीत!"
आणि मी रंगावरून ओळखायचे
आज रात्री डोळे चोळणार की खोकणार.

केरबा मुकादम नव्या पोरांना सांगायचा,
विडी लांब ठेवा रे.
हा पिवळा पेटला तर निळा पेटतो,
उन्हात दिसतसुद्धा नाही,
कळतं ते नाकाला.
करड्याची भीती कोणालाच नव्हती.
तो नुसता दगड, कुठल्याशा वाळवंटातला,
पूर्वी समुद्राचा तळ होता म्हणे.
एकदा बाबांच्या फावड्यात त्यातून
माशाचा दात आला.
माझ्या कंपासपेटीत टाकून म्हणाले,
"बघ, कुठला कुठं उतरला हाजीबंदरावर.
आपल्यासारखाच."

आईची जोडवी सारखी काळी पडायची.
शनिवारी राखेनं घासली
की पुढच्या शनिवारी पुन्हा तशीच.
ती शिव्या द्यायची
माहुलच्या धुराड्यांना,
ओहोटीच्या चिखलाला,
बाबांच्या बनियनला.
तिन्ही शिव्या बरोबर होत्या,
हे मला कॉलेजात कळलं.

गंधक असाच. एका जागी ठरत नाही.
तिवरांच्या मुळाशी नासक्या अंड्यासारखा उठतो,
धुरातून ढगात शिरतो,
आंबट होऊन पत्र्यावर उतरतो,
मोहरीत जातो, कांद्यात जातो,
नखांत, केसांत,
आणि पुन्हा वाऱ्यावर.

स्फुरदाला वारा नाही.
त्याचा सगळा प्रवास पायी:
दगड, माती, दाणा, भाकरी, हाड.
परतीची वाट गटारातून.
खाडीच्या तळाशी बसला
की पुन्हा दगड व्हायला
त्याला इतका वेळ लागतो
की वेळ हा शब्दच तोकडा पडतो.

आता मी पाणी तपासते.
मंगळवारी खाडीच्या बाटल्या येतात,
चिठ्ठ्या ओल्या, अक्षर फुटलेलं.
नळीत थेंब सोडायचे, थांबायचं.
स्फुरद असला तर पाणी निळं होतं,
जास्त असला तर जास्त निळं.
दाणी मॅडम चष्मा न काढता सांगतात,
"साबण, मैला, खत. लिहा."
मी लिहिते.
चांगुणाकाकी सांगते ते लिहायला रकाना नसतो:
जाळ्यात मासळी कमी, शेवाळ फार,
आणि पहाटे मासे वर येऊन
तोंडं उघडी करून मरतात.

बाबा गेले ते माघात.
विद्युतदाहिनीच्या बाहेर बाकड्यावर बसून
मी वर धुराड्याकडे बघत होते.
धूर जवळजवळ नव्हताच.
मनात आलं, गंधक गेला.
मग माणसानं ट्रे ओढला
आणि त्यात करडे,
बोटीवरून आल्यासारखे करडे बाबा.

भाऊ नाशिक म्हणत होता. तिकिटंही बघितली होती.
आई म्हणाली,
"जिथं जन्मभर उतरवलं तिथंच उतरवा त्यांना."
भरतीला शिवडीच्या धक्क्यावरून
मडकं उलटं केलं.
थोडे लगेच बुडाले.
थोडे पाण्यावर साय धरल्यासारखे
बराच वेळ तिथंच.

पुढच्या मंगळवारी बाटली आली.
चिठ्ठीवर शिवडी.
थेंब सोडले. थांबले.
निळं.
"किती?" मॅडमनी विचारलं.
आकडा सांगितला.
दर वेळेसारखाच होता,
दोन घरं इकडेतिकडे.
त्यातला साबण किती, बाबा किती,
ते वेगळं काढायची पद्धत नाही.
नळी धुवायला घेतली
आणि बेसिनपाशी पाच मिनिटं
तशीच उभी राहिले.

जोडवी आता डब्यात आहेत,
कोणी घालत नाही, कोणी घासत नाही,
तरी काळी पडतात.

सुतक फिटल्यावर चांगुणाकाकीनं
बोंबील पाठवले, पैसे घेतले नाहीत.
आईनं रवा लावून तळले.
ती काटा टाकत नाही,
मऊच असतो म्हणते,
चावून चावून खाते.

मी काही बोलले नाही.
माझ्या ताटातलाही
तिला दिला.